मे महिन्यात १८ चा आकडा फक्त रिमोटवर

एसी १८ वर ठेवूनही दुपारी खोली गार होत नाही, असं एकाने विचारलंय. आम्ही भुसावळचे, त्यामुळे दुखणं ओळखीचं. बाहेर ४५ आणि डोक्यावर तापलेला स्लॅब असताना १८ फक्त रिमोटवरच दिसतात! साध्या, म्हणजे बिगर-इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर एकतर चालू नाहीतर बंद. १८ केल्याने तो जास्त गार करत नाही, नुसता थांबायचं विसरतो. एक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशोब आहे. २०२० पासूनचे नवे एसी मुळात २४ वर सुरू होतात, तेही त्यांच्याच शिफारशीवरून आलेल्या नियमामुळे.

आमच्याकडे २६ आणि पंखा दोनवर. पहिल्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "पंखाच लावायचा होता तर एवढे पैसे कशाला घातले?" आता पहाटे गोधडी आधी त्याच ओढतात.

खरं तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मला कूलरच आवडतो. वाळ्याच्या ताट्या असतील तर वासासकट. फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर सगळं अंथरूण दमट. पाऊस लागला की कूलर झाकायचा, तेव्हा तो चिकचिकच वाढवतो. मग एसी २७ वर, ड्राय मोडमध्ये, म्हणजे हवेतला दमटपणा ओढणाऱ्या सेटिंगवर. थंडीत दोन्ही बंद.

आणि यंदा स्लॅबला वरून चुना मारून बघा, रिमोटला हात लावायच्या आधी.