'अड्डमळी'ला मराठीत काय म्हणायचं? (आणि धगीचं काय करायचं?)

सीमेवरचा
बेळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसाठीच्या एका कन्नड सूचनापत्राचं मराठी करायलोय. मजकूर साधा: 'धगे' वाढलीय, संध्याकाळी 'अड्डमळे' (बोलताना अड्डमळी) येईल, गडगडाट सुरू झाला की झाडाखाली थांबू नका. मी लिहिलं, 'धग वाढली आहे, संध्याकाळी वळवाचा पाऊस येईल.' तपासणाऱ्या बाई पुण्याच्या. धग खोडून 'उष्णता' केलं, वळवाचा खोडून 'अवकाळी'. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "वैशाखात नाही पडायचा तर कवा पडायचा? अवकाळी कशाला म्हणतेत?" वळवाचं मी निभावून नेईन, माझी अडचण धगीची आहे. मराठीत धग चुलीची, भट्टीची. हवेची चालेल काय?

खानापूरवाली
आईंचं शंभर टक्के बरोबर. काळ नसताना येतो तो अवकाळी. पौषात काजूच्या मोहरावर पडला, तो अवकाळी. वळीव आपल्या वेळेला येतोय. आमच्याकडं भाताची धूळवाफ पेरणी असते, म्हणजे पावसाळ्याआधीच कोरड्या मातीत बी टाकायचं. वळीव पडून नांगरट-कुळवट झाली नाही तर रोहिणीत काय टाकणार मातीत? ज्याची वाट बघायची त्यालाच अवकाळी म्हणायचं म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलवून दारात उभं करण्यासारखं झालं.

कडोलीचा
ताई, तुमची पेरणी, आमच्या विटा. भट्टी लावायच्या आधी कच्च्या विटा रचलेल्या, दुपारी तीनपर्यंत लख्ख ऊन, साडेचारला राजहंसगडाच्या बाजूनं आभाळ काळंनिळं. ताडपत्री ओढेपर्यंत पुढच्या दोन रांगांचा चिखल. बोट लावलं तर विटेत रुतायचं. ह्याला वळीव म्हणा नाहीतर अवकाळी, आमच्या तोंडात दुसरेच शब्द येतेत. ते इथं लिहिता येत नाहीत.

जुना मास्तर
आधी सामान्यरूप सुधारा. वळीव, वळिवाचा. गरीब-गरिबाचा, वकील-वकिलाचा, तसं. 'माणूस'चं 'माणसाचा' होतं कारण तिथं पहिलं अक्षर दीर्घ आहे. 'वळवाचा' हे कानाला सवयीचं असेल, पण लेखी मजकुरात नको.

चव्हाट गल्ली
सर, अख्ख्या बेळगावात एक माणूस दाखवा जो 'वळिवाचा' म्हणतो. आजी तर 'वळवाच्या पावसात मी भिजलो' म्हणायची. 'भिजलो'सुद्धा खोडणार काय? गच्चीवर कुरड्या घातलेल्या, फरशी इतकी तापलेली की पाय ठेववत नाही, आणि रुपयाएवढा पहिला थेंब पडला की ती फरशी चर्रकन वाफ सोडायची. आजी तिथूनच ओरडायची, "वळीव आला गे, परात घे!" सामान्यरूपाला वेळच नसायचा.

अथणीकर
अड्डमळी म्हणजे 'आडवा पाऊस'. मुंगारू हा खरा पावसाळा, त्याच्या आधी आडवा येतो तो अड्डमळी. बेमोसमी पावसाला कन्नडमध्ये वेगळा शब्द आहे, 'अकालिक मळे'. म्हणजे कन्नडनं जो फरक ठेवलाय तो मराठी भाषांतरात पुसला जातोय. आणि रोहिणीचा पाऊस तर आमच्याकडं लाडका, 'रोहिणी मळी बंद्रे ओणी तुंब जोळ', गल्लीभर जोंधळा.
माझा अंदाज, वळीव हा 'मळी'चाच भाऊ असणार. म चा व झाला, बस्स.

जुना मास्तर
असा म चा व मनाला येईल तिथं होत नसतो. वळणे या धातूवरून सरळ लागतं. वारा वळतो, पाऊस वळतो.

खानापूरवाली
वळतोच की ओ. आमच्याकडं दुपारनंतर घाटाखालून, समुद्राकडनं ओला वारा वर चढतोय आणि पठारावरच्या तापलेल्या कोरड्या हवेला भिडतोय. तिथनं ढग उभे राहतेत. सकाळी एकीकडचा वारा, संध्याकाळी दुसरीकडचा.

पुण्यातून
त्या बाई मी नाही, पण त्यांची बाजू समजते. सूचनापत्र नागपूरचाही माणूस वाचेल. 'मॉन्सूनपूर्व' लिहा, कुणाचंच भांडण नको. प्रत्येक तालुक्याचा शब्द घ्यायचा तर प्रमाणभाषा कशाला?

चव्हाट गल्ली
नागपूरचा माणूस खानापुरात भात पेरायला येणार आहे काय?

सीमेवरचा
मंडळी, धग!

अथणीकर
धग चालते. आमच्याकडं एप्रिलात धगी म्हणजे कोरडी, ओठ फुटतेत, घाम आला तरी दिसत नाही. तुमच्या बेळगावात ती नाहीच. 'गरिबांचं महाबळेश्वर' म्हणून मिरवता, साडेसातशे मीटरवर बसलाय, तिथं काय धग?

खानापूरवाली
आमचा उकाडा. उकडलेल्या रताळ्यागत माणूस होतोय. पान हलत नाही, गाय दावणीला धापा टाकतेय, तासाभरात पाऊस. एका जिल्ह्यात दोन शब्द लागतेत, सूचनापत्र एकच. आता बघा.

कडोलीचा
भट्टीजवळ उभं राहा, दोन्ही एकदम मिळतंय.

जुना मास्तर
'उष्मा' सुचवतो. आणि वर अजूनही 'वळवाचा' तसंच आहे, ते दुरुस्त करावं.

चव्हाट गल्ली
सर, आमच्याकडं गडगडायलंय. कपडे काढून येतो, मग भांडू. तोवर कुणीतरी सांगा, गारांना सीमेवरची मराठी माणसं 'आलिकल्लु' म्हणतेत काय? माझा मामा म्हणायचा.