मदत हवी आहे: भट्टीच्या तोंडाशी टिकेल असा कलर सेन्सर कोणता?

नमस्कार मंडळी,

भट्टीतून बाहेर येणाऱ्या ग्लेझ्ड टाइलची शेड कन्व्हेयरवरच तपासायची आहे. पांढरी आणि फिकट क्रीम, या दोनच शेड ओळखायच्या, पण फरक फार पुसट आहे. सेन्सर बसवायचा तिथली हवा ९५ ते ११० अंश सेल्सिअस असते, समोरून जाणारी टाइल साधारण १८० अंशांची. ब्रॅकेट टाइलपासून ४०-५० मिलिमीटरवर लावता येईल.

तयार औद्योगिक कलर सेन्सरची डेटाशीट पाहिली, तर बहुतेकांची मर्यादा ५०-५५ अंशांवर संपते. सर्किटवर बसवायच्या चिप ७० किंवा ८५ पर्यंत जातात. माल पूर्ण गार झाल्यावर तपासणं सोपं आहे हे कळतं, पण तोवर बिघडलेल्या शेडचा बराच माल भट्टीबाहेर पडलेला असतो. आणखी उष्णता झेलणारा सेन्सर शोधत राहू, की साध्या सेन्सरला पाण्याचं जॅकेट (भोवती गार पाणी फिरवणारं आवरण) लावू? कोणी हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

शोध थांबवा. सेन्सर ११० अंशांत जिवंत राहिला तरी त्याचं रीडिंग विश्वासाचं राहत नाही. सेन्सरमध्ये प्रकाश मोजणाऱ्या सिलिकॉन फोटोडायोडचा डार्क करंट (प्रकाश नसतानाही वाहणारा प्रवाह) दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. म्हणजे २५ वरून ९५ ला गेलात की शंभरपटीहून जास्त. एलईडीचंही तसंच. तापल्यावर प्रकाश कमी होतो, आणि लाल एलईडीचा निळ्यापेक्षा बराच जास्त घटतो. तुम्हाला पांढरं-क्रीम ओळखायचंय, तिथे लाल, हिरवा, निळा या चॅनेलचं आपसातलं प्रमाण बिघडलं की सगळंच गेलं.

जॅकेट चालतं, पण पाणी फार गार असेल तर काचेवर दव धरतं. शिवाय पाणी बंद पडलं की सेन्सर गेलाच.

माझं मत: सेन्सर गार जागी ठेवा आणि प्रकाश ऑप्टिकल फायबरने (प्रकाश वाहून नेणाऱ्या धाग्यांच्या केबलने) आणा-न्या.

प्रतिसाद २

फायबरला अनुमोदन, फक्त प्लास्टिकचं घेऊ नका. साधं प्लास्टिक फायबर ७० अंशांच्या आसपासच हात टेकतं. स्टीलच्या आवरणातलं काचेचं घ्या. त्यातही टोकाला धागे कशाने चिकटवलेत ते विचारा, कारण काचेआधी इपॉक्सी जातं.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. साध्या काचेच्या फायबरमध्ये लांबी वाढेल तसा निळा प्रकाश जास्त शोषला जातो, आणि पांढऱ्या-क्रीममधला फरक मुख्यतः निळ्यातच असतो! त्यामुळे लांबी शक्य तितकी कमी ठेवा, नाहीतर क्वार्ट्झ फायबर पाहा.

टोकासमोर कोरड्या, स्वच्छ हवेचा हलका झोत सोडा. धूळ बसत नाही आणि टोकही थोडं गार राहतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सेन्सर दीड मीटरवर, ४० अंशांच्या आत ठेवता येईल. टाइल स्वतः गरम असल्याने तिचा प्रकाश मध्ये येईल का? भट्टीचं तोंडही तिरकं दिसतं.

प्रतिसाद १

१८० अंशांच्या टाइलची चिंता नको. वस्तू डोळ्याला लालसर दिसायला लागते ती ५२५ अंशांच्या आसपास, आणि सिलिकॉनला साधारण ११०० नॅनोमीटरपलीकडचं, म्हणजे अशा टाइलमधून निघणारं इन्फ्रारेड, दिसत नाही. भट्टीच्या आतला उजेड मात्र नक्की शिरेल. म्हणून स्पंदित प्रकाशाचा सेन्सर घ्या. तो एलईडी लावून आणि बंद करून रीडिंग घेतो आणि दुसरं पहिल्यातून वजा करतो. आयआर-कट (इन्फ्रारेड अडवणारा) फिल्टर असावा, मधे आडोसाही लावा.

प्रतिसाद ३

यात टाइलचा विचार राहिलाय. तापलेल्या वस्तूचा रंगच बदलतो. झिंक ऑक्साइड तापवलं की पिवळं पडतं, गार झालं की परत पांढरं. तुमच्या ग्लेझमध्ये काय होईल ते ग्लेझवर अवलंबून. दोन्ही शेडची एकेक टाइल तापवा आणि गार होताना रीडिंग घेत राहा. १८० अंशांना दोन्हींत पुरेसं अंतर उरलं तरच ही जागा योग्य. कॅलिब्रेशनही गरम टाइलवरच करायचं. टाइलचं तापमान कमी-जास्त होत असेल तर शेजारी इन्फ्रारेड थर्मामीटर लावून रीडिंग दुरुस्त करावं लागेल.

धागाकर्ता

हे डोक्यातच आलं नव्हतं. नमुना टाइल तापवून आकडे इथे टाकतो. एक शंका: केबलच्या वाटेत एक काटकोन आहे, काचेचं फायबर तिथे वळेल का?

प्रतिसाद २

वळेल, पण डेटाशीटमधल्या किमान त्रिज्येपेक्षा मोठा वळसा द्या आणि दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावा. कन्व्हेयरच्या थरथरीने वळणावरचे धागे तुटतात आणि प्रकाश हळूहळू कमी होतो.