मदत हवी आहे: इंग्रजीत मोडलसोबत क्रियाविशेषण नेमकं कुठे बसतं?

कानामात्रा:
कारखान्यातल्या सूचना आणि ग्राहकांना जाणारी इंग्रजी पत्रं तपासायचं काम आहे. कॅन, मे, मस्ट, शुड या मोडलच्या, म्हणजे शक्यता, सक्ती, परवानगी दाखवणाऱ्या सहाय्यक क्रियापदांच्या जोडीला प्रॉबब्ली, ऑलवेज, सिम्प्ली असं काही आलं की जागेचा घोळ होतो. खालच्या वाक्यांपैकी कुठली चुकली आहेत आणि का, ते हवंय. सारखी लिपी बदलायला नको म्हणून सगळं देवनागरीत लिहितोय.

१. द पार्सल वोन्ट प्रॉबब्ली रीच टुडे.
२. यू मस्ट रीड केअरफुली द इन्स्ट्रक्शन्स.
३. द टँक शुड हॅव प्रॉपर्ली बीन क्लीन्ड.
४. द व्हॉल्व्ह मे बी लीक.
५. वी ऑलवेज कान्ट गिव्ह अ डिस्काउंट.
६. इट कॅन रेन टुडे, सो डिस्पॅच मे पॉसिब्ली बी डिलेड.

अल्पविराम:
सहाव्याचा उत्तरार्ध सोडला तर सगळीकडे काही ना काही दुरुस्ती लागेल. आधी २ आणि ३ घेतो.

क्रियाविशेषणं सगळी एका जातीची नसतात. खात्री दाखवणारी (प्रॉबब्ली, सर्टनली, डेफिनेटली) आणि किती वेळा ते सांगणारी (ऑलवेज, ऑफन, नेव्हर) सहसा पहिल्या सहाय्यक क्रियापदाच्या लगेच नंतर येतात. मोडल असेल तर पहिलं सहाय्यक तेच, म्हणून 'विल प्रॉबब्ली हॅव रीच्ड'. काम कसं झालं ते सांगणारी (प्रॉपर्ली, केअरफुली, बॅडली) मात्र मुख्य क्रियापदाला धरून राहतात. म्हणून तिसरं वाक्य 'शुड हॅव बीन प्रॉपर्ली क्लीन्ड' किंवा 'शुड हॅव बीन क्लीन्ड प्रॉपर्ली'. दोन्ही जाती एकाच वाक्यात आल्या तरी भांडण होत नाही: 'द टँक शुड प्रॉबब्ली हॅव बीन प्रॉपर्ली क्लीन्ड'.

दुसऱ्या वाक्यातली चूक आपल्याकडे फार दिसते. मराठीत 'सूचना नीट वाचा' म्हणताना कर्म पुढे जातं आणि 'नीट' क्रियापदाला चिकटतं. तीच सवय इंग्रजीत नेली की 'रीड'च्या मागोमाग 'केअरफुली' येतं आणि क्रियापद व कर्म यांच्यात पाचर बसते. 'यू मस्ट रीड द इन्स्ट्रक्शन्स केअरफुली' लिहा. कर्म ओळभर लांब असेल तर क्रियाविशेषण आधी घेतलेलं चालतं, नाहीतर ते वाक्याच्या टोकाला लोंबकळत राहतं.

उलटी वेलांटी:
होकारार्थी वाक्यात जागा चुकली तर वाक्य फक्त कानाला खटकतं. नकारार्थी वाक्यात अर्थ पालटतो, त्यामुळे खरी तपासणी तिथे करा. क्रियाविशेषण 'नॉट'च्या आधी असेल तर साधारणपणे ते नकाराच्या बाहेर राहतं. नंतर असेल तर नकार त्याच्यावरच पडतो.

पहिलं वाक्य घ्या. 'बहुतेक' हा तुमचा अंदाज आहे, तो नाकारायचा नाहीये. म्हणून 'द पार्सल प्रॉबब्ली वोन्ट रीच टुडे', किंवा औपचारिक पत्रात 'विल प्रॉबब्ली नॉट रीच'. 'वोन्ट'सारखं जोडरूप असेल तर प्रॉबब्ली आणि सर्टनली त्याच्या अलीकडे ठेवा.

पाचव्यात नेमकं उलट. 'दर वेळी सूट देता येईलच असं नाही' म्हणायचं असेल तर 'दर वेळी'वर नकार पडायला हवा: 'वी कान्ट ऑलवेज गिव्ह अ डिस्काउंट'. 'कधीच देता येत नाही' असं असेल तर 'वी कॅन नेव्हर गिव्ह'.

ग्राहकाच्या पत्रात सगळ्यात घातक शब्द 'सिम्प्ली':

'वी सिम्प्ली कान्ट रिप्लेस द पार्ट': भाग बदलून देणं शक्यच नाही.
'वी कान्ट सिम्प्ली रिप्लेस द पार्ट': नुसता भाग बदलून भागणार नाही, आणखी काही करावं लागेल.

पहिल्यात सरळ नकार आहे, दुसऱ्यात जास्तीचं काम कबूल केल्यासारखं होतं. 'जस्ट'चंही असंच. 'आय रिअली कान्ट से' म्हणजे खरंच सांगता येणार नाही, 'आय कान्ट रिअली से' म्हणजे तसं ठामपणे सांगता येत नाही. दुसरं बरंच मवाळ.

'स्टिल' नकाराच्या आधीच: 'वी स्टिल कान्ट ट्रेस द फॉल्ट'. 'हार्डली' स्वतःच नकारार्थी असल्यामुळे 'कॅन हार्डली' पुरे, 'कान्ट हार्डली' लिहू नका.

सुरक्षेच्या सूचनांमध्ये 'मे नॉट' आणि 'मस्ट नॉट' यांच्याकडे दोनदा बघा. 'ऑपरेटर्स मे नॉट ऑलवेज वेअर ग्लव्ह्ज' हे वाक्य 'कामगार दर वेळी हातमोजे घालत नसतील' असा अंदाज म्हणून वाचलं जातं. त्यातून कुणी सवलत समजतं, कुणी मनाई. दर वेळी सक्ती नाही असं सांगायचं तर 'नीड नॉट ऑलवेज वेअर'. 'गरजेचं नाही' या अर्थी 'मस्ट नॉट नेसेसरिली' तर नकोच, कारण 'मस्ट नॉट' म्हटलं की आधी मनाईच डोळ्यांपुढे येते.

तिरपी रेघ:
४ आणि ६ राहिली.

चौथ्यात दोन रचना एकमेकींत गुंतल्या आहेत. 'मेबी' हा एक शब्द क्रियाविशेषण आहे आणि बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतो: 'मेबी द व्हॉल्व्ह इज लीकिंग'. 'मे' आणि 'बी' सुटे असतील तर 'मे' मोडल आणि 'बी' क्रियापद: 'द व्हॉल्व्ह मे बी लीकिंग'. कुठलंही एक घ्या.

'इट कॅन रेन टुडे' चुकतं, कारण मराठीतलं 'पडू शकतो' सामर्थ्यही दाखवतं आणि शक्यताही. इंग्रजी 'कॅन' होकारार्थी वाक्यात एरवी केव्हाही घडू शकणारी गोष्ट सांगतं: 'नागपूर कॅन गेट व्हेरी हॉट इन मे'. आजच्या एका दिवसाच्या अंदाजाला मे, माइट किंवा कुड हवं.

'मे पॉसिब्ली' बरोबर आहे. दोन्ही शब्दांचं वजन सारखं, त्यामुळे शंका दुप्पट होत नाही, एकच शंका दोनदा उच्चारली जाते. भाषाशास्त्रज्ञ जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये अशा जोड्यांना 'हार्मोनिक' (सूर जुळलेल्या) म्हटलं. 'मस्ट शुअरली', 'कुड पर्‌हॅप्स' त्याच घरातल्या. वजन जुळलं नाही की वाचक अडखळतो: 'मस्ट पॉसिब्ली' मध्ये एक शब्द खात्री देतो आणि दुसरा ती काढून घेतो. 'यू मे सर्टनली' व्याकरणात बसतं, पण तिथे 'मे'चा अर्थ परवानगी होतो, म्हणजे 'खुशाल करा'. तरी कामाच्या पत्रात मी 'मे पॉसिब्ली'तलं 'पॉसिब्ली' खोडेन. 'मे बी डिलेड' पुरतं.

'मे वेल'ला फसू नका. 'डिस्पॅच मे वेल बी डिलेड' म्हणजे उशीर होण्याची बरीच शक्यता आहे, 'चांगलं'शी संबंध नाही. 'माइट ॲज वेल' आणखी निराळं: दुसरं काही करून फायदा नाही, तर हेच करू.

कानामात्रा:
खूप आभार. दोनच शंका उरल्या. 'हॅव टू'ला हाच नियम का? आणि 'यस, वी विल प्रॉबब्ली' एवढंच उत्तर चालेल का?

अल्पविराम:
'हॅव टू' इथे साध्या मुख्य क्रियापदासारखं वागतं, म्हणून क्रियाविशेषण त्याच्या आधी: 'वी ऑफन हॅव टू रीस्टार्ट द पंप'. 'यूज्ड टू'चंही तसंच, 'इट ऑलवेज यूज्ड टू ट्रिप'. पण त्यांच्या आधी मोडल आलं की पुन्हा पहिलाच नियम: 'यू विल प्रॉबब्ली हॅव टू रीस्टार्ट इट'. 'ऑट टू'शी 'रिअली' आधी ठेवणं सोपं: 'यू रिअली ऑट टू चेक'.

छोट्या उत्तरात मुख्य क्रियापद गळतं आणि मोडलवर वाक्य संपतं, म्हणून क्रियाविशेषण मोडलच्या अलीकडे येतं: 'यस, वी प्रॉबब्ली विल'. मोडलवर जोर द्यायचा असेल तरी तसंच, 'यू रिअली मस्ट सी धिस'. छापील सूचनेत जोर ऐकू येत नाही, तेव्हा तिथे नेहमीची जागा बरी.

उलटी वेलांटी:
एक पुरवणी. नकारार्थी किंवा 'ओन्ली'सारखं मर्यादा घालणारं क्रियाविशेषण वाक्याच्या तोंडाशी नेलं तर मोडल कर्त्याच्या आधी उडी मारतं: 'अंडर नो सर्कम्स्टन्सेस शुड द गार्ड बी रिमूव्ह्ड', 'ओन्ली देन कॅन द लाइन बी रीस्टार्टेड'. 'अंडर नो सर्कम्स्टन्सेस द गार्ड शुड बी' असं दिसलं की दुरुस्त करा. करारात ही रचना शोभते. यंत्रावर चिकटवायच्या पाटीला मोडलच नको: 'नेव्हर रिमूव्ह द गार्ड व्हाइल द मशीन इज रनिंग'.