शब्दचर्चा : अळवंतीण, हडळ, चेटकीण

प्रश्न :
मलय (मलेशिया-इंडोनेशियाकडच्या) लोककथा इंग्रजीवरून मराठीत आणते आहे. त्यात 'पोन्तियानाक' नावाचं भूत वारंवार भेटतं. बाळंतपणात गेलेली बाई, पांढरं वस्त्र, मोकळे केस, केळीत वास्तव्य. पहिल्या खर्ड्यात 'चेटकीण' लिहिलं, मग खोडून 'हडळ' केलं. संपादक म्हणतात 'चुडैल' घाला, वाचकाला चटकन कळेल. तिन्ही मला पटत नाहीत. आपल्याकडे नेमका शब्द आहे का?

प्रतिसाद :
आहे. अळवंतीण. कुणी आळवंतीण म्हणतं, कुणी अलवंतीण. गरोदरपणी किंवा बाळंत होताना गेलेल्या बाईचं भूत, इतका नेमका अर्थ. माझ्या आजीच्या तोंडी हा शब्द सहज असे. आसपास कुणी ओली बाळंतीण दगावली की आजी हळू आवाजात म्हणायची, "अळवंतीण नको होऊ दे गं तिची." त्या आवाजात भीती असायचीच, पण कळवळा जास्त.

आपल्याकडे कितीतरी भुतांची नावं मरणाच्या तऱ्हेवरून पडली आहेत. मुंज झालेला मुलगा सोडमुंजीआधी गेला तर मुंजा, त्याचं घर पिंपळावर. कोकणात विधवा गेली तर लावसट, सवाष्ण गेली तर जखीण. जखीण हे 'यक्षिणी'चं रूप. जीव घरादारात अडकून राहिला तो समंध, म्हणजे आपला 'संबंध'च. नुसत्या नावावरून कळतं की माणूस कोण होतं आणि त्याचं काय राहून गेलं.

पोन्तियानाक हे नावही याच घडणीचं आहे. मलयमध्ये 'पेरेम्पुआन माती बेरानाक' म्हणजे बाळंत होताना मेलेली बाई; त्याचंच आखडलेलं रूप पोन्तियानाक, अशी व्युत्पत्ती सहसा देतात. 'आनाक' म्हणजे मूल. इंडोनेशियात तिला कुंतीलानाक म्हणतात. तिच्या नावाचं एक मोठं शहरसुद्धा आहे, पश्चिम कालिमांतानची राजधानी पोन्तियानाक. कापुआस आणि लांडाक या नद्यांच्या संगमावर १७७१ मध्ये शरीफ अब्दुर्रहमान अलकाद्री यांनी ते वसवलं. तिथल्या रानात या भुतांचा उपद्रव फार, म्हणून त्यांनी आधी तोफा डागल्या आणि मग वस्ती केली, अशी दंतकथा आहे.

मलय मुलुखातलीच तिची बहीण म्हणजे लांगसुइर. बाळंतपणात बाई गेली की तिची लांगसुइर होऊ नये म्हणून प्रेताच्या तोंडात काचमणी भरायचे, दोन्ही काखांत कोंबडीचं एकेक अंडं ठेवायचं, तळहातांत सुया टोचायच्या. तोंड उघडून तिला किंकाळी फोडता येऊ नये, हात पंखांसारखे पसरून उडता येऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे लिहून ठेवलं गेलं. मला हे वाचताना आपल्याकडची पाचवीची रात्र आठवते. बाळाजवळ विळा किंवा कोयता, दाराला कडुलिंबाचा डहाळा, सटवाईसाठी रात्रभर दिवा. लोखंड इथेही, तिथेही. बाळंतपणात बाई जाणं ही घरोघरची गोष्ट होती, तेव्हाचं हे सगळं.

दुसरा प्रतिसाद :
पण आमच्याकडे झाडून साऱ्या बायकी भुतांना हडळच म्हणतात. मग हडळ का नको?

उत्तर :
बोलताना चालतं. लिहिताना मात्र हडळीचं स्वतःचं चित्र आहे, ते वाया घालवू नये. हडळ समोरून भरल्या अंगाची, देखणी, आणि पाठीमागून नुसता सांगाडा. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांच्यावर १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, त्यांनी लोकसमजुतींची माहिती जमवली होती. कोकणातल्या शाळामास्तरांनी ती लिहून पाठवली होती. जॅक्सनच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं ती छापली. त्या कोकणच्या टिपणांत हडळ अशीच आहे. शाळामास्तरांनी गावोगावच्या भुतांची नावं इतक्या निगुतीनं टिपली, म्हणून आज आपल्याला हा फरक सांगता येतो.

आणि पाठ नसलेली बाई जगात एकटी आपलीच नाही. जावा बेटावर सुंदेल बोलोंग आहे, तिच्या पाठीला भोक आणि त्यावर लांब केसांचं पांघरूण. स्वीडनच्या रानातली स्कूग्सरो समोरून सुंदर, मागून कुजलेल्या खोडासारखी पोकळ. तुमच्या कथांत सुंदेल बोलोंग आली तर तिला खुशाल हडळ म्हणा. तिथे तो शब्द शोभेल.

'चुडैल'ला माझा विरोध तिच्या अर्थामुळे नाही. उत्तरेत चुडैल बहुतेकदा बाळंतपणात मेलेलीच असते, पावलं उलटी असतात, म्हणजे अर्थ जुळतो. पण तो हिंदीचा शब्द आहे आणि आपल्या घरात आपला शब्द पडून आहे. मालिकांनी चुडैल इतकी ओळखीची केली की अळवंतीण ओळखीची राहिली नाही. अनुवादकानं तरी तिला ओळख दाखवावी.

'चेटकीण' मात्र अजिबात नको, आणि हे मी कळकळीनं सांगते. चेटकीण म्हणजे चेटूक करणारी, जिवंत बाई. डाकीणही तशीच. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे. अमुक माणूस करणी करतो असं सांगून त्याला छळणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. एकीकडे मरताना मूल पोटाशी धरता न आलेली बाई, दुसरीकडे शेजाऱ्यांनी संशयावरून दगड मारलेली बाई. एका शब्दात दोघींना कोंबलं तर दोघींवर अन्याय.

चुकीचा शब्द किती टिकतो तेही बघा. इंग्रज प्रवासी-लेखक रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये विक्रमाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना वेताळाला 'व्हँपायर' केलं. व्हँपायर हा सर्बियातून आलेला शब्द. थडग्यातून उठून माणसांचं रक्त पिणारं प्रेत. सर्बियातल्या अशा प्रकरणांच्या सरकारी बातम्यांमुळे १७२५ ते १७३२ च्या सुमारास तो युरोपभर पसरला. आपला वेताळ तर भुतांचा राजा. गावोगाव त्याची ठाणी आहेत, गोव्यात तो ग्रामदेव म्हणून पूजला जातो. तरी आजही इंग्रजीतून वाचणाऱ्याला तो आधी रक्तपिपासू म्हणूनच भेटतो.

तिसरा प्रतिसाद :
बँकॉकमध्ये मी काही वर्षं होते, म्हणून भर घालते. फ्रा खनोंग कालव्याच्या काठी वात महाबुत मंदिरात 'मॅ नाक'चं देवस्थान आहे. 'मॅ' म्हणजे आई. नवरा लढाईवर गेला, इकडे ती बाळंतपणात बाळासकट गेली. तो परतला तर बायको घरात, मांडीवर बाळ. एक दिवस लिंबू घराच्या तळफळीच्या फटीतून खाली पडलं, तिनं वरूनच हात लांब करून उचललं, तेव्हा त्याला कळलं. आज बायका तिला लुगडी-पोशाख वाहतात, बाळासाठी खेळणी ठेवतात. सैन्यभरतीच्या चिठ्ठीत नाव येऊ नये म्हणून मुलगे तिच्याकडे नवस बोलतात. लढाईनं तिचा नवरा नेला होता ना.

उत्तर :
ताई, फार मोलाची भर. हिलाही मराठीत अळवंतीणच म्हणावं लागेल, पण देव्हाऱ्यात बसलेली. मेक्सिकोतल्या अझ्टेकांकडे याहून पुढची गोष्ट आहे. पहिल्या बाळंतपणात गेलेली बाई त्यांच्या लेखी रणात पडलेल्या योद्ध्याच्या बरोबरीची. मध्यान्हापासून मावळतीपर्यंत सूर्याला पोहोचवायला अशा बायकाच जायच्या. तरुण शिपाई तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट आणि केस मिळवायला धडपडत, ढालीत ठेवले की युद्धात बळ येतं म्हणून. आणि सुईणी हातात ढाली घेऊन तिच्या प्रेताची राखण करत. त्यांच्या पंचांगातल्या ठरावीक पाच दिवशी मात्र त्याच बायका चव्हाट्यावर उतरायच्या, आणि त्या दिवशी आईबाप मुलांना दाराबाहेर सोडत नसत. 'सिवातेतेओ', म्हणजे देवी झालेल्या बायका. त्यांना मी अळवंतीण म्हणणार नाही. तिथे मूळ नावच ठेवावं.

प्रश्नकर्ती :
सर्वांचे आभार. असं ठरवलं आहे : मूळ नाव 'पोन्तियानाक' ठेवते. पहिल्यांदा येईल तिथे कथेतल्या म्हातारीच्या तोंडी एक वाक्य घालते, "ती अळवंतीण आहे रे, तिच्या वाटेला जाऊ नका." पुढे दोन्ही नावं आलटून पालटून येतील. संपादकांना हा धागा पाठवला आहे. त्यांनी विचारलं, शब्द खरंच चालतो का कुठे? काल आईला फोन करून नुसतं "अळवंतीण" म्हटलं. ती म्हणाली, "तिन्हीसांजेला नाव नको घेऊस गं."