दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ : लक्ष्य आणि गुणवत्ता

प्रश्न : २०१६ साली दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने हंगामाच्या सरासरीने संघात किमान सहा श्वेतेतर खेळाडू, त्यांपैकी दोन कृष्णवर्णीय आफ्रिकी, असावेत असे लक्ष्य ठरवले. यामुळे गुणवत्तेला बाधा येते का?

उत्तर : वर्णभेदाच्या काळात संघ केवळ गोऱ्यांचा असताना गुणवत्तेची ही काळजी फारशी कोणी वाहिली नव्हती. मखाया एन्टिनी हे दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळणारे पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी ठरले, तेही १९९८ मध्ये. ‘कोट्यातला’ म्हणून हिणवल्या गेलेल्या टेम्बा बवुमांनी २०२५ मध्ये लॉर्ड्सवर, मांडीचा स्नायू दुखावलेला असताना लंगडत धावा घेत ६६ केल्या आणि कर्णधार म्हणून कसोटी अजिंक्यपद जिंकले.

दुसरे उत्तर : हे मान्य, परंतु बवुमा आणि कृष्णवर्णीय वेगवान गोलंदाज कागिसो रबाडा दोघेही जोहान्सबर्गच्या खासगी शाळांतून घडले, त्यामुळे खरी चाळणी निवड समितीच्या कितीतरी आधी लागते.