‘ॲसर्टेन’ करणे म्हणजे निश्चित करणे का?

ओसरी

मी इंग्रजीतून मराठीत कार्यालयीन मजकुराची भाषांतरे करते. परवा एका संस्थेच्या नियमावलीतल्या वाक्यापाशी अडले. अर्जदाराची जन्मतारीख अधिकाऱ्याने ‘ॲसर्टेन’ (ascertain) करावी, असे ते वाक्य होते. हाताला सवय झालेली असल्यामुळे मी ‘जन्मतारीख निश्चित करावी’ असे लिहून पुढे गेले. संध्याकाळी मजकूर पुन्हा वाचताना मला माझी मावशी आठवली आणि ते वाक्य मी खोडले.

मावशीचा जन्म पुण्यातला, १९६१ सालचा. १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले तेव्हा ती आजीच्या पोटात होती. नदीकाठचे घर पाण्यात गेले, आजी पर्वतीच्या बाजूला नातेवाइकांकडे राहायला गेली आणि त्याच श्रावणात, नागपंचमीला, मावशी झाली. ओल्या भिंतींचा वास, उसन्या लुगड्याची बाळंतपणासाठी फाडलेली धडपी, हे सगळे आजी सांगत असे. शाळेत नाव घालायच्या वेळी मात्र जन्माचा दाखला कोणाकडे नव्हता. त्या पिढीतल्या अनेकांचे झाले तेच मावशीचेही झाले: मास्तरांनी सहा वर्षे पूर्ण भरावीत अशा हिशेबाने १ जून १९६१ ही तारीख रजिस्टरात घातली. तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली, तीच सेवापुस्तकात चढली आणि त्याच तारखेवरून ती निवृत्त झाली. या सगळ्या कागदांवर विश्वास ठेवायचा, तर पूर आला तेव्हा मावशी सव्वा महिन्याची होती.

मास्तरांनी तिची जन्मतारीख निश्चित केली, हे विधान मराठी म्हणून अगदी अचूक आहे. पण त्यांनी ती ‘ॲसर्टेन’ केली नाही. लग्नाची तारीख, सभेची वेळ, भाड्याची रक्कम आपण निश्चित करतो, कारण ती आपण ठरवेपर्यंत अस्तित्वातच नसते. माझा प्रश्न असा आहे की, जे आधीच घडून गेलेले आहे आणि ज्यात कोणाच्या मर्जीने बदल होणार नाही, ते नेमके काय आहे हे शोधून त्याविषयी खात्रीला पोहोचणे, एवढा अर्थ पेलणारे एक क्रियापद मराठीत आहे का?

बोरू

‘पडताळणे’ असताना आपण अडावे याचे मला नवल वाटले. माझ्या मते हा शब्द ‘ताळा’ या शब्दाशी जोडलेला आहे. आमच्या वेळी गुणाकार करून झाला की गुरुजी ताळा करायला लावत. ३४७ गुणिले २८ बरोबर ९७१६. पहिल्या संख्येतील अंकांची बेरीज चौदा, म्हणजे एक आणि चार मिळून पाच. दुसरीची दहा, म्हणजे एक. पाच एके पाच. उत्तरातील अंकांची बेरीज तेवीस, म्हणजे पाच. ताळा जमला की पाटी गुरुजींपुढे धरायची. सत्य शोधण्याची मराठी मुलाला मिळालेली ही पहिली शिस्त आहे आणि तिच्यातून आलेला शब्द कार्यालयीन मराठीत पूर्ण रुळलेलाही आहे. जात पडताळणी, मतदारयादीची पडताळणी, कागदपत्रांची पडताळणी हे शब्द कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत.

ओसरी

गुरुजींच्या ताळ्याचे आपले उदाहरण मनापासून आवडले, पण माझी अडचण त्याच उदाहरणात आहे. त्याच मुलाने घाईत ९७१६ ऐवजी ९७६१ लिहिले असते तरी अंकांची बेरीज तेवीसच आली असती आणि ताळा जमला असता. ताळा एका गोष्टीचा दुसरीशी मेळ बसतो की नाही एवढेच दाखवतो. पडताळायला आधी कोणाचा तरी दावा समोर असावा लागतो. जात पडताळणी समितीपुढे दाखला आधी येतो, तो खरा की खोटा हे ती नंतर पाहते. ज्याबद्दल अजून काहीच दावा नाही ते पडताळणार कसे? मावशीचे शाळेचे रजिस्टर आणि सेवापुस्तक आजही कोणी पडताळले, तर अक्षरन् अक्षर जुळेल आणि तारीख तरीही चुकीचीच राहील.

कोणी ‘शहानिशा’ सुचवण्याआधी सांगते की, त्या शब्दाचीही हीच मर्यादा आहे. शहानिशा आरोपाची होते, बातमीची होते, कानावर आलेल्या गोष्टीची होते.

सातबारा

माझे वडील तलाठी होते, त्यामुळे हा प्रश्न मला घरचा वाटतो. त्यांच्या बोलण्यात दोन शब्द वेगवेगळ्या कामांना होते. गावात जाऊन विचारपूस करणे ही ‘चौकशी’, आणि तिच्या शेवटी मनात शंका न उरणे ही ‘खातरजमा’. अरबी ‘खातिर’ म्हणजे मन आणि ‘जमा’ म्हणजे गोळा झालेले. दहा दिशांना धावणारे मन एका जागी येऊन बसले म्हणजे खातरजमा झाली. आपल्या ‘ॲसर्टेन’च्या पोटातही खात्रीचाच शब्द आहे, हे इंग्रजी जाणणाऱ्यांना दिसेलच.

एक प्रसंग सांगतो. एका वारसनोंदीसाठी दोन भावांनी अर्ज दिला होता. मृत्यूचा दाखला होता, प्रतिज्ञापत्र होते, दोघांचे जबाब शब्दाला शब्द जुळत होते. वडिलांनी कागद पिशवीत घातले आणि ते गावच्या पारावर जाऊन बसले. मी लहान होतो, त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून बरोबर गेलो होतो. तिथे शेंगा फोडत बसलेल्या एका म्हातारीने वर न बघताच विचारले, “आणि थोरली? ती कोकणात दिलेली?” अर्जात तिचे नावच नव्हते. कागदांची पडताळणी चोख झाली होती. खातरजमा त्या पारावर झाली. फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, एकदा प्रमाणित झाला की उलट सिद्ध होईपर्यंत तो खरा धरला जातो, असे जमीन महसूल संहितेचे १९६६ सालापासूनचे कलम १५७ सांगते. म्हणून शाईची पहिली रेघ ओढण्याआधीची खातरजमा वडिलांना फार मोलाची वाटत असे.

निर्मळ

अनुभव मोलाचा आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारातले फारसी-अरबी शब्द काढून त्या जागी संस्कृत शब्द आणण्यासाठी. सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द दिले आणि ते आज कोणालाही परके वाटत नाहीत. नवा शब्द हवा असेल तर तो आपल्या धातूंतून घडवावा. हिंदी कायदेभाषेत याच क्रियापदासाठी ‘अभिनिश्चित करना’ योजतात. ‘अभि’ या उपसर्गामुळे समोरच्या वस्तूकडे नीट वळून केलेला निश्चय असा अर्थ मिळतो. मराठीने तो घ्यायला काहीच हरकत नाही.

सातबारा

तुकोबांनी सत्यासत्याचा निवाडा करताना मनाला ‘ग्वाही’ केले. ‘ग्वाही’ फारसीतून आलेली आहे. त्यांना साक्षी हा शब्द ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? जो शब्द वारकऱ्याच्या तोंडी आणि तलाठ्याच्या दप्तरात तीनशे-चारशे वर्षे राहिला, तो परका म्हणून दाराबाहेर काढायचा आणि ज्याचा उच्चार करताना अर्जदाराची जीभ अडखळेल तो ‘अभिनिश्चित’ घरात घ्यायचा, हे मला पटत नाही. दिनांक रुळला हे खरे, पण ‘आज तारीख काय?’ असेच आपण अजूनही विचारतो.

ओसरी

निर्मळ, माझा आक्षेप शब्दाच्या कुळाला नाही. ‘अभिनिश्चित’ला कितीही उपसर्ग लावले तरी आत ‘निश्चित’ तसाच राहतो, आणि मास्तरांची १ जून त्याच्या आधाराने पुन्हा आत शिरते. शिवाय हिंदीतून आलेला ‘सुनिश्चित करणे’ आता प्रत्येक परिपत्रकात दिसतो. तो कधी ‘व्हावे अशी व्यवस्था करणे’ या अर्थाने असतो, तर कधी ‘झाले का ते पाहणे’ या अर्थाने. ‘पाणीपुरवठा सुनिश्चित करावा’ हे वाक्य वाचून कर्मचाऱ्याने नळ सोडायचा की नळाला पाणी आले का ते पाहायचे? असा संभ्रम मला नियमावलीत नको आहे.

दौत

मी वकिली करतो. मूळ शब्दाबद्दल थोडे सांगतो, कारण त्यामुळे ओसरीताईंचा मुद्दा पक्का होत नाही, उलट अवघड होतो.

हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘केर्नेरे’ या क्रियापदाशी पोहोचते. त्याचा अर्थ चाळणे, वेगळे करणे, आणि त्यावरून निर्णय करणे. इंग्रजीत तो आधी ‘दुसऱ्याला खात्री देणे’ या अर्थाने वापरत. जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये इंग्रजी भाषा सुधारून ‘ॲसर्टेन’ करावी असा प्रस्ताव लिहिला, तेव्हा भाषेविषयीचे सत्य शोधावे असे त्याला म्हणायचे नव्हते. ती नियमांनी कायमची बांधून टाकावी असे म्हणायचे होते. म्हणजे ज्या ‘निश्चित करणे’वर आपला राग आहे तोच अर्थ एके काळी या शब्दाला होता.

आता कायदा पाहा. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या अठराव्या कलमानुसार माल ‘ॲसर्टेन’ होईपर्यंत त्याची मालकी खरेदीदाराकडे जात नाही. गोदामात तांदळाची हजार पोती आहेत आणि मी शंभर घेतली. पण कोणती शंभर हे वेगळे काढून ठेवलेले नाही, तोवर एकही पोते माझे नाही. येथे आधीपासून दडलेले सत्य कोणतेच नाही. पोती निवडून बाजूला लावणे हेच ‘ॲसर्टेन’ करणे.

आणि इथेच मला आपला शब्द दिसतो. ‘निवडणे’ आणि ‘निवाडा’ ही एकाच घरातली भावंडे आहेत. सुपातले तांदूळ बोटांनी पसरून खडा वेगळा काढणे हे निवडणे, आणि वादातले खरे वेगळे काढणे हा निवाडा. पेशवाईतल्या निकालाच्या कागदाला निवाडपत्र म्हणत. लॅटिनमध्ये चाळणीपासून निर्णयापर्यंत जो प्रवास झाला, तोच मराठीत सुपापासून निवाड्यापर्यंत स्वतंत्रपणे झाला. मला हे फार सुंदर वाटते.

जन्मतारखेविषयी मात्र सावध करतो. बालन्याय कायदा, २०१५, कलम ९४ मध्ये वय ठरवण्याचा क्रम दिलेला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. बालकल्याण समितीने किंवा बालन्याय मंडळाने नोंदवलेले वय त्या कायद्यापुरते खरे मानले जाते. तिथे शब्द ‘डिटर्मिनेशन’ आहे आणि त्याला ‘निश्चित करणे’ हाच योग्य प्रतिशब्द आहे.

ओसरी

म्हणजे मास्तरांची तारीख त्या क्रमात पहिली येते. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

निवडणे आणि निवाडा यांचे नाते मी आजवर कधी असे पाहिले नव्हते, त्याबद्दल आपले आभार. पोत्यांसाठी ‘निवडून वेगळे करणे’ मी आजच टिपून ठेवते. स्विफ्टविषयी मात्र एवढेच म्हणेन की, शब्दाचा तीनशे वर्षांपूर्वीचा अर्थ आजच्या वाक्यावर लादता येत नाही. आज एखादा डॉक्टर मृत्यूचे कारण ‘ॲसर्टेन’ करतो तेव्हा तो ते ठरवत नाही, शोधतो. आणि ‘मृत्यूचे कारण निश्चित केले’ असे मराठीत वाचताना माझ्या मनात क्षणभर का होईना पण शंका येते.

बोरू

निवाड्याला वादी लागतो, प्रतिवादी लागतो आणि वर पंच लागतात. जन्मतारखेचा निवाडा कोणी करत नाही. मी अजून ‘पडताळणे’पाशीच आहे.

ओसरी

काल मावशीलाच विचारले. जुन्या पंचांगात १९६१ सालची नागपंचमी पाहून मी तिला तिची खरी तारीख मागेच कळवली होती, ती तिने देवघराच्या फळीवर खडूने लिहून ठेवली आहे. मी तिला म्हटले, मास्तरांनी काय केले आणि मी काय केले, हे एकेका शब्दात सांग. तिने विचार न करता उत्तर दिले, “मास्तरांनी तारीख लावली, तू ती काढलीस.”

‘काढणे’! माग काढणे, शोध काढणे, माहिती काढणे, विहिरीतून पाणी काढणे; जे आत आहेच ते बाहेर आणणे. ‘अधिकाऱ्याने अर्जदाराची खरी जन्मतारीख शोधून काढावी.’ इतके साधे वाक्य मला चार दिवस सुचले नाही.

निर्मळ

शब्द निखालस मराठी आहे, त्याला माझी हरकत नाही. परंतु मुहूर्तही पंचांगातूनच ‘काढतात’, आणि तो तर सोयीने ठरवलेला असतो.

ओसरी

हे खरे आहे. आणि मसुदा सोमवारी द्यायचा आहे.