मदत हवी आहे: दिव्यांग तरुण-तरुणींच्या नेतृत्व गटासाठी साहित्य, पद्धत आणि सरावाचं काम (निलंगा तालुका)

मांजराकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. निलंगा तालुक्यातल्या पाच-सहा गावांतल्या दिव्यांग मुलामुलींचा एक गट बांधायचं काम चालू आहे. एकूण 14 जण, वय 16 ते 24. पाच अस्थिव्यंग (त्यात दोघं व्हीलचेअरवर), तीन अंध किंवा अल्पदृष्टी, चार कर्णबधिर, दोघांना बौद्धिक अक्षमता. महिन्यातले दोन रविवार जिल्हा परिषद शाळेची खोली मिळते. लाईटचा भरवसा नाही. पैसे बेताचेच.

वर्षभरात या मुलांनी स्वतः बैठक चालवावी, अर्ज लिहावा, ग्रामसभेत उठून प्रश्न विचारावा एवढं साधायचं आहे. हाती लागलेलं साहित्य दोन तऱ्हेचं आहे. एक इंग्रजीतलं, महानगरातल्या कॉलेजच्या मुलांसाठी केलेलं. दुसरं म्हणजे 'जिद्द असेल तर सगळं जमतं' छापाची व्याख्यानं. व्याख्यानाला टाळ्या पडतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच दोघं बोलतात, बाकीचे बसून राहतात.

मराठीत वापरता येईल असं भरवशाचं साहित्य कोणतं? एका खोलीत इतक्या वेगवेगळ्या गरजा कशा सांभाळायच्या? आणि सराव द्यायचा तो कोणत्या कामावर?

बिंदुसरा

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करा. काम ठरलं की साहित्य आपोआप ठरतं. नेतृत्वाचे गुण शिकवत बसलात तर वर्ष जाईल आणि हाती काही लागणार नाही.

काम तुमच्या दारातच आहे: ग्रामपंचायतीचा 5 टक्के दिव्यांग निधी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं वगैरेंतले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. वरून सरकारकडून येणारा वित्त आयोगाचा पैसा यात धरत नाहीत. इथेच पोरं चुकतात. गावात 20 लाखांचा रस्ता झाला म्हणून एक लाख आमचे, असा हिशोब मांडतात आणि ग्रामसेवक एका वाक्यात त्यांना गप्प करतो.

क्रम असा ठेवा. आधी ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक, म्हणजे नमुना 1, मागून घ्या. साध्या अर्जावर नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, आणि 30 दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी लागत नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. अर्जात 'का खर्च केला नाही' असं विचारू नका, ती माहिती होत नाही आणि अर्ज तिथेच अडतो. 'मागील दोन आर्थिक वर्षांतील स्वउत्पन्नाची एकूण रक्कम, दिव्यांग कल्याणावर झालेला खर्च व लाभार्थी यादी यांच्या साक्षांकित प्रती' असं कागद मागा.

कागद आले की गटात बसून बेरीज करा. स्वउत्पन्न 4,00,000 असेल तर 5 टक्के म्हणजे 20,000. खर्च 6,000 दिसला तर प्रश्न तयार झाला: उरलेले 14,000 कुठे आहेत? हा आकडा ज्या मुलीने स्वतः काढला, तिला ग्रामसभेत उभं राहायला भाषणाचा वर्ग लागत नाही.

आपल्याकडे वसुली कमी असते हे ध्यानात ठेवा. लहान गावात 5 टक्के म्हणजे चार-पाच हजारच निघतील. निराश होऊ नका. नगरपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनाही हाच नियम आहे, तिथे रक्कम मोठी असते.

मांजराकाठ

फार उपयोगी. पण ग्रामसभेत यांना बोलू देतील का? आणि 18 च्या खालच्यांचं काय करायचं?

बिंदुसरा

गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो, कुणी बोलू देण्याचा प्रश्नच येत नाही. 16-17 वाल्यांना मतदान नाही, पण कागद वाचणं, बेरीज, अर्जाचा मसुदा, इतिवृत्त हे सगळं त्यांचं.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ठरलेल्या ग्रामसभा. विषय ऐनवेळी मांडला तर 'पुढच्या वेळी बघू' होतं. म्हणून नोटीस निघायच्या आधी लेखी अर्ज द्या, 'विषयपत्रिकेत घ्यावे' असं त्यात लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का, तारीख, सही तिन्ही बघून घ्या. नुसती सही असेल तर ती पोच धरू नका. गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरायला, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी संख्या लागते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. तहकूब झाली की लोक घरी जातात ते जातातच. तुमच्या मुलांनी त्या दुसऱ्या सभेला हमखास जायचं. गर्दी कमी असते आणि बोलायला निवांत वेळ मिळतो.

ठराव झाला तर ठरावाची नक्कल मागा. ती हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका.

पैनगंगा_वारा

कर्णबधिर मुलांबद्दल सविस्तर लिहितो, कारण मिश्र गटात सगळ्यात आधी तेच सुटतात. ते तक्रार करत नाहीत, मान डोलावतात, आणि आपल्याला वाटतं त्यांना समजलं.

पहिलं काम म्हणजे प्रत्येकाची भाषा कोणती ते बघा. विशेष शाळेत शिकलेल्यांना भारतीय सांकेतिक भाषा येत असेल. गावच्या शाळेत बसलेल्याला फक्त घरातल्या खाणाखुणा येतात, त्याच्यासाठी दुभाषी आणूनही उपयोग नाही. त्याला आधी भाषा लागते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश 10,000 हून जास्त शब्दांचा आहे, व्हिडिओ फुकट बघता येतात. प्रत्येक बैठकीआधी त्या दिवसाचे दहा शब्द काढा: बैठक, अर्ज, पैसे, हक्क, सही, मत, विरोध असे. ते दहा शब्द ऐकणाऱ्या मुलांनीही शिकायचे. सर्वांनी, अंध मुलांनीसुद्धा. खुणा हाताला धरून शिकवता येतात.

बसायची रचना इंग्रजी यू अक्षरासारखी ठेवा, म्हणजे प्रत्येकाचा चेहरा दिसतो. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको. उजेड मागून आला की चेहरा काळा दिसतो, ओठ आणि हात दोन्ही वाचता येत नाहीत. लाईट गेली की कर्णबधिर मुलांची बैठक संपली असं समजा, म्हणून बैठक दिवसाउजेडी ठेवा.

एका वेळी एकानेच बोलायचं आणि बोलण्याआधी स्वतःचं नाव सांगून हात वर करायचा. नावामुळे अंध मुलाला कळतं कोण बोलतंय, हातामुळे कर्णबधिर मुलाला कळतं कुठे बघायचं. एकच नियम दोघांच्या कामी येतो. अँड्रॉइडवर लाइव्ह ट्रान्सक्राइब हे ॲप मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. शांत खोलीत, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर असेल तर बऱ्यापैकी चालतं. गोंगाटात किंवा ठेठ बोलीत चुकतं, म्हणून त्याच्यावर इतिवृत्त लिहू नका.

दुधनाकाठचा

अंध आणि अल्पदृष्टी मुलांसाठी कागद कसा द्यायचा यावर सगळं अवलंबून आहे. व्हॉट्सॲपवर अर्जाचा फोटो टाकला की टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) बहुतेकदा फक्त 'फोटो' एवढंच बोलतो. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनच्या नेहमीच्या मराठी कीबोर्डने, टाईप करून साध्या संदेशातच टाका. सरकारी कागद बऱ्याचदा जुन्या फाँटमध्ये टाईप केलेले असतात, स्क्रीन रीडर ते वाचताना निरर्थक अक्षरं बोलतो. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. संगणक असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठीही वाचतो. मराठी पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे अंधांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, 2016 पासून चालू आहे.

अल्पदृष्टीला झेरॉक्स मोठी काढून देणं हा उपाय अर्धाच. अक्षर किमान 18 पॉइंट, जाड, पिवळसर किंवा पांढऱ्या मॅट कागदावर काळं हवं. चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड पडला की अक्षर दिसेनासं होतं. आणि फळ्यावर लिहिलेलं प्रत्येक वाक्य लिहिताना मोठ्याने वाचा. 'हे इथे बघा' म्हणू नका.

तेरणा_खोरं

बौद्धिक अक्षमता असलेल्या दोघांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. त्यांना 'मदतनीस' करून पाणी वाटायला लावतात. ते नेतृत्व नव्हे.

वाक्य लहान, एका वाक्यात एकच गोष्ट, सोबत चित्र. पर्याय दोनच ठेवा: 'आधी रॅम्प की आधी संडास?' दोन फोटो समोर ठेवा आणि निवडायला पुरेसा वेळ द्या. मनात दहापर्यंत मोजा, मधे बोलू नका. आपण घाईने उत्तर पुरवतो आणि मग म्हणतो त्याला कळत नाही. उत्तर दिल्यावर फोटोंच्या जागा बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारा. तेच निवडलं तर ते त्याचं मत. दर वेळी उजव्या हाताचाच फोटो उचलत असेल तर प्रश्न अजून सोपा करा.

पिवळं आणि लाल, अशी दोन कार्डं सगळ्यांच्याच हाती द्या. पिवळं म्हणजे 'सावकाश', लाल म्हणजे 'कळलं नाही, थांबा'. फक्त या दोघांना दिलीत तर ती वापरली जाणार नाहीत.

आणि आईवडील. लेकराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आई देते, हे सगळ्या प्रकारच्या अपंगत्वात होतं. पालकांना दुसऱ्या खोलीत बसवा आणि त्यांच्यासाठी वेगळा विषय ठेवा. दिव्यांग ओळखपत्र, निराधार योजना, 18 नंतरचं कायदेशीर पालकत्व यावर त्यांना प्रश्न असतातच. मुलींच्या पालकांशी आधी घरी जाऊन बोला, परतायची वेळ सांगा आणि ती पाळा. एकदा उशीर झाला की मुलगी पुन्हा येत नाही.

गोदातीर

जागेबद्दल थोडक्यात. रॅम्पचा चढ 1:12, म्हणजे पायरी 15 सेंटीमीटर असेल तर रॅम्प 180 सेंटीमीटर लांब. शाळांत बहुतेक ठिकाणी याहून खडा असतो आणि व्हीलचेअर मागे कलंडते. दरवाजा 90 सेंटीमीटर, चेअर वळायला 150 सेंटीमीटर मोकळी जागा. टेपने मोजा. हे मोजमाप मुलांनाच करू द्या, तोच पुढचा अर्ज. संडास बघितल्याशिवाय जागा पक्की करू नका. संडास वापरता येणार नसेल तर मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मे महिन्यात ते धोक्याचं आहे.

एसटीत 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाला 75 टक्के सवलत आहे. रविवारी गाड्या कमी सुटतात, बैठकीची वेळ गाडीवरून ठरवा.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी अजून. तेच दोघं पुढे येतात त्याचं काय करायचं? आणि वाचायला काय?

तेरणा_खोरं

पदं फिरती ठेवा: बैठक चालवणारा, इतिवृत्त लिहिणारा, वेळ बघणारा, हिशोब ठेवणारा. दर दोन बैठकांनी बदल. इतिवृत्त म्हणजे लिहिणंच असं नाही, अंध मुलगा फोनवर आवाजात ठेवेल, कर्णबधिर मुलगी फळ्याचे फोटो आणि चित्रं ठेवेल. त्या दोघा बोलक्यांना पुढची पदं न देता जोडीदार करा: ज्याचं पद आहे त्याला तयारी करून द्यायची, सभेत स्वतः बोलायचं नाही. सुरुवातीला बैठका रटाळ होतील. होऊ द्या.

वाचायला एक तर मूळ कायदा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016. सगळा नको. कलम 3 समानता, 13 कायदेशीर क्षमता, 23 तक्रार निवारण अधिकारी, 80 राज्य आयुक्तांची कामं. आयुक्तालय पुण्यात आहे. एका बैठकीला एकच कलम, आणि ते गावातल्या एका अडचणीला लावून बघायचं. दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेची 2010 ची समुदाय-आधारित पुनर्वसन मार्गदर्शिका, त्यातला सक्षमीकरणाचा भाग. स्वमदत गट, राजकीय सहभाग, दिव्यांगांच्या संघटना यांवर त्यात नेमकं लिहिलंय. इंग्रजी आहे, पण तुम्ही वाचून पानभर मराठीत उतरवू शकता. तिसरं, रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मांडलेली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे वापरून घेणं, सजावट आणि नावापुरता सहभाग. ती भिंतीवर लावा आणि दर तीन महिन्यांनी गटालाच विचारा, आपण कुठल्या पायरीवर आहोत. 3 डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, व्यासपीठावर नुसतं सत्कारासाठी बसवलं तर ती कुठली पायरी, हे मुलं बरोबर ओळखतात.

बिंदुसरा

पैशाचा सराव हवा असेल तर उमेदमधून (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) दिव्यांग स्वयंसहायता गट करता येतो. नेहमी दहा सभासद लागतात, दिव्यांगांच्या गटाला पाचही चालतात, आणि पुरुष-महिला एकत्र असू शकतात. हिशोबाची वही लिहिणं, कर्जाला 'नाही' म्हणणं, थकलेला हप्ता मागणं यातून जे शिकायला मिळतं ते कुठल्याच शिबिरात मिळत नाही. 18 पूर्ण झालेल्यांनाच घ्या.

शिवाय एक वेळापत्रकाचं. तुमच्या गटात ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर दिवाळीनंतर ती निघतात आणि उन्हाळ्यात परततात. पहिला विषय 26 जानेवारीच्या ग्रामसभेवर लावलात तर अर्धा गट कारखान्यावर असेल. 15 ऑगस्टला मांडा, 2 ऑक्टोबरला पाठपुरावा करा.

गोदातीर

आणि ओळखपत्र. 5 टक्के निधीचा वैयक्तिक लाभ घ्यायला 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. युडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) 40 च्या खाली पांढरी पट्टी, 40 ते 80 पिवळी, 80 च्या वर निळी. पांढरी पट्टी असलेल्याला किंवा कार्डच नसलेल्याला गटातून काढू नका, ग्रामसभेत तो मतदारच आहे. फक्त अर्जावर लाभार्थी म्हणून त्याचं नाव लिहू नका. त्या एका नावावरून सगळा अर्ज परत येतो.